आजीची लाल-पांढरी सुरई: थर चढवलेल्या पैलूदार काचेचा काळ कसा ओळखावा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमचा जुना वाडा उतरवण्याचे काम पुढच्या महिन्यात सुरू होत आहे. माजघरातील भिंतीतले कपाट रिकामे करताना काचेची एक सुरई आणि पाय असलेले दोन लहान पेले हाती आले. लहानपणी त्यांना हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती, त्यामुळे यंदा प्रथमच त्या वस्तू मी उजेडात नीट पाहिल्या.

सुरई बुचासह ३४ सेंटिमीटर उंच आहे. तिचा बाहेरचा थर दुधी पांढरा असून तो जागोजागी कापून लंबगोल खिडक्या केलेल्या आहेत. खिडकीच्या कडेला माणकासारखा लाल रंग दिसतो आणि मधोमध स्वच्छ, बिनरंगी काच. दोन खिडक्यांच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली बारीक फुले आणि सोनेरी रेघा आहेत. पेले मात्र केवळ लाल आहेत. त्यांवर झाडाखाली उभे असलेले हरीण कोरलेले असून एका पेल्याच्या काठाचा लहानसा टवका उडालेला आहे.

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने हे तिन्ही नग एकाच संचातील असून १८५० सालचे बोहेमियन, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया भागातले, आहेत असे सांगितले. दुसऱ्याने ते पन्नास वर्षांपेक्षा जुने नाहीत असे म्हणून विषय संपवला. आमचे एक नातेवाईक म्हणतात की काचेच्या कारखान्याची ओगलेवाडी जवळच असल्यामुळे हा माल तिथलाच असणार. आजी सांगत असे की सुरई तिच्या लग्नात आहेर म्हणून आली. ते लग्न १९३६ सालचे.

मला विकायचे नाही. पण मुलांना सांगताना खरे काय ते सांगता यावे, अशी इच्छा आहे. काचेवर रंगाचा थर खरोखर आहे की नुसता रंग लावलेला आहे, हे घरच्या घरी कसे तपासावे आणि काळ ठरवताना कोणत्या खुणांवर भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनेकाचघर (मुंबई)

ताई, आपण वर्णन फार चांगले केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. सुरुवातीलाच एक विनंती करतो. नक्षी पाहून काळ ठरवू नका. पांढऱ्या थरातील लंबगोल खिडक्या, मधे फुले, कडेला सोने ही धाटणी बोहेमियात १८४०च्या दशकात भरास आली आणि नंतर ती कधी पूर्णपणे थांबलीच नाही. उत्तर बोहेमियातील नोवी बोर आणि कामेनित्स्की शेनोव या गावांच्या परिसरात विसाव्या शतकातही याच धाटणीचा माल निघत राहिला. दीडशे वर्षे चाललेल्या नक्षीवरून साल काढणे म्हणजे पैठणीवरचा मोर पाहून ती कोणत्या साली विणली ते सांगण्यासारखे आहे.

म्हणून पहिल्यांदा कापाची कड पाहावी. सराफाकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, सुरई खिडकीजवळ आडवी धरा आणि पांढरा रंग जिथे संपतो ती तिरकी कड निरखा. काच खरोखर थरांची असेल तर त्या उतरत्या कडेवर पांढऱ्याची एक पट्टी, तिच्याखाली लालची एक पट्टी आणि मग स्वच्छ काच असे कापलेल्या कांद्यासारखे पदर दिसतील. प्रत्येक पट्टीला मोजता येईल अशी जाडी असेल आणि ती सगळीकडे सारखी नसेल, कारण भट्टीवरच्या कारागिराने फुंकताना काच एका बाजूला अधिक ताणलेली असते. सुरईच्या गळ्याशी थर जाड आणि पोटाशी पातळ असणे हे अगदी स्वाभाविक आहे.

हे थर चढवण्याच्या दोन रीती होत्या. एका रीतीत फुंकनळीच्या टोकावर घेतलेला स्वच्छ काचेचा गोळा रंगीत काचेच्या कुंडीत बुडवून वर आणत. दुसऱ्या रीतीत रंगीत काचेची वाटी आधी फुंकून साच्यात ठेवत आणि तिच्या आत दुसऱ्या रंगाचा तापलेला फुगा फुंकत, म्हणजे दोन्ही एकजीव होत. तिन्ही काचा थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर भांडे तडकते. हे सगळे साधून झाल्यावर कापणाऱ्याने एक पैलू चुकवला तर आधीची सर्व मेहनत वाया जात असे. म्हणूनच तीन थरांची वस्तू पूर्वीही महाग होती.

पेल्यांच्या बाबतीत मला वेगळी शंका येते. आपण ते केवळ लाल असल्याचे म्हणता आणि त्यांवर खिडक्या नसून कोरीव चित्र आहे. कोरलेल्या रेषेच्या कडेला लाल पट्टीची जाडी दिसते का ते पाहा. तिथे जाडी अजिबात नसेल, लाल रंग कागदावरच्या शाईसारखा एकदम संपत असेल, तर ते पेले थराचे नसून डाग दिलेल्या काचेचे आहेत. फ्रीडरिश एगरमान नावाच्या बोहेमियन कारागिराने ही कला पुढे आणली. चांदीच्या क्षारांनी पिवळा डाग त्याने आधी साधला आणि १८३०च्या दशकात तांब्यापासून लाल डाग देण्याची रीत बसवली. तयार भांड्यावर लेप लावायचा, भांडे पुन्हा भाजायचे, लेप धुऊन टाकायचा. रंग काचेच्या पृष्ठभागातच मुरलेला राहतो. अशा भांड्याच्या तळाशी, जिथे ते टेबलावर घासले जाते तिथे, ओरखड्यांतून बिनरंगी काच डोकावते. थराच्या काचेत ओरखडा कितीही पडला तरी रंग तोच राहतो.

तळाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण मी स्वतः तिथेच फसलो. वीस वर्षांपूर्वी मी एक हिरवा-पांढरा वाडगा ‘१८५०चा’ म्हणून घेतला. तळाला भरपूर ओरखडे होते, ते पाहून मी खूश झालो आणि घासाघीसही केली नाही. घरी आल्यावर भिंगाखाली पाहिले तेव्हा सर्व ओरखडे एकाच दिशेने, एकाच जाडीचे आणि तळाच्या खोलगट भागातही होते. कोणीतरी तो खरकागदावर घासला होता. खरी झीज केवळ टेकणाऱ्या कड्यावर असते. ती सर्व दिशांना जाते, त्यात काही रेषा केसासारख्या आणि काही खोल असतात, आणि कड्याचा जो भाग जरा उंच असेल तिथे ती दाट होते. आपली सुरई कपाटात बसून राहिली असेल तर झीज कमी असणेही शक्य आहे, तेव्हा कमी झीज हा नवेपणाचा पुरावा मानू नये.

आता कापाचा पोत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पैलू पाडताना लोखंडी चाकावर ओली वाळू सोडून आधी मोठा काप घेत, मग दगडी चाकावर तो साफ करत आणि शेवटी लाकडी चाकावर बारीक भुकटीने चकाकी आणत. अशा हातच्या चकाकीत पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात आणि कापाच्या पृष्ठभागावर तिरप्या उजेडात अगदी पुसट रेषा दिसतात. पुढे आम्लात बुडवून चकाकी आणण्याची पद्धत आली आणि विसाव्या शतकात ती सर्रास झाली. आम्ल काचेचा वरचा पापुद्रा खाते, त्यामुळे कडा किंचित बोथट होतात आणि कापाच्या आत मेण वितळल्यासारखी गुळगुळीत, हलकी लाटदार चमक येते. त्याही पुढे हिऱ्याची चाके आली, त्यांच्या रेषा एकसारख्या आणि समांतर असतात. बोटाने कड तपासून पाहा आणि जे जाणवेल ते लिहा.

रसायनी (पुणे)

मी काच कारखान्यातील प्रयोगशाळेत नोकरी केली असल्याने रसायनाच्या बाजूने भर घालतो.

घरी करता येईल अशी सर्वांत विश्वासाची चाचणी घनतेची आहे. बुच काढून ठेवा आणि सुरईचे कोरडे वजन करा. मग तिच्या गळ्याला मऊ दोरी बांधून, आकड्याच्या वजनकाट्याला टांगून ती पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवा. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि बादलीच्या तळाला ती टेकता कामा नये. पाण्यातले वजन कोरड्या वजनातून वजा करा आणि येणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. उत्तर २.४ ते २.५च्या आसपास आले तर काच पोटॅश-चुन्याची किंवा सोडा-चुन्याची आहे; बोहेमियन काच परंपरेने पोटॅश-चुन्याची. उत्तर ३च्या आसपास किंवा अधिक आले तर ती शिसेयुक्त काच आहे, आणि मग इंग्लंड, फ्रान्स किंवा बेल्जियम यांचा विचार करावा लागेल. पांढऱ्या थरामुळे आकडा थोडा हलू शकतो, पण २.५ चे ३ होत नाहीत. सोनेरी काम आणि रंगवलेली फुले पाण्याने बिघडणार नाहीत, मात्र साबण, गरम पाणी आणि चोळणे टाळा.

लाल रंगाविषयी सांगायचे तर सोन्यापासून केलेला लाल रंग पातळ जागी गुलाबी किंवा जांभळट झाक दाखवतो. तांब्याचा लाल रक्तासारखा गडद असतो. सेलेनियमचा लाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत आला आणि तो पातळ जागी नारिंगीकडे झुकतो. आपल्या सुरईच्या खिडकीची कड, जिथे लाल थर निमुळता होत संपतो, ती पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. सोन्याचा लाल रंग जुना आहे. योहान कुंकेल याने तो सतराव्या शतकात पोट्सडाम येथे यशस्वी केला होता आणि आजही तो करतात, तेव्हा गुलाबी झाक दिसली म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. नारिंगी झाक निश्चितपणे दिसली तर मात्र १८५० हे साल सोडून द्यावे लागेल.

ओगलेवाडीबद्दल आपल्या नातेवाइकांचा अभिमान मला समजतो, माझाही तो आहे. तो कारखाना १९१६ साली उभा राहिला आणि प्रभाकर कंदिलाने त्याचे नाव घरोघरी नेले. पण एका भांड्यासाठी तीन रंगांच्या काचा एकाच वेळी वितळलेल्या ठेवणे, त्या एकमेकींना जुळवणे आणि त्यानंतर कापणारे, सोने लावणारे, फुले रंगवणारे असे वेगवेगळे हात लागणे, हा कंदिलाच्या काचेपेक्षा फार निराळा धंदा आहे. बोहेमियात तो पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी वाटलेला होता. भट्टी एका गावात, कापकाम दुसऱ्या गावात, रंगकाम तिसऱ्या घरात.

परदेशस्थ (बर्मिंगहॅम)

मी राहतो तिथून काचकामाचे जुने गाव स्टोअरब्रिज जवळ आहे, म्हणून इंग्लंडच्या बाजूने दोन शब्द लिहितो. इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार अबकारी कर होता आणि तो असेपर्यंत जाड, रंगीत थरांचे प्रयोग करणे परवडत नसे. हा कर १८४५ साली उठला आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनापर्यंत बर्मिंगहॅमचे बॅकस आणि स्टोअरब्रिजचे रिचर्डसन हे काचकारखानदार बोहेमियन धाटणीची थरांची काच करू लागले होते. त्यामुळे ‘बोहेमियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वस्तू प्रत्यक्षात इंग्रजी निघतात. वर रसायनी यांनी सांगितलेली घनतेची चाचणी त्यासाठीच मोलाची आहे, कारण इंग्रजी काच शिसेयुक्त असे.

आणखी दोन गोष्टी तपासा. बुचाच्या खालच्या टोकावर आणि सुरईच्या ओठाच्या आतल्या किंवा वरच्या कडेवर लहान आकडा कोरलेला आहे का ते पाहा. बुच ज्या गळ्यासाठी घासून बसवले त्या जोडीला एकच आकडा देण्याची पद्धत होती. आकडे जुळले तर बुच मूळचे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सुरईच्या तळावर तोंडाने वाफ सोडा, जशी आपण चष्म्यावर सोडतो. आम्लाने उमटवलेला शिक्का झिजून डोळ्यांना दिसेनासा झालेला असतो, पण वाफ त्या जागी वेगळ्या रीतीने बसते आणि दोन-तीन सेकंद अक्षरे उघडी पडतात. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक झाले, आणि त्यानंतर निर्यातीच्या मालावर देशाचे नाव अधिक वेळा आढळू लागते. मात्र शिक्का नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. बराच माल केवळ कागदी चिकटपट्टी लावून बाहेर पडला आणि ती पट्टी पहिल्या धुण्यातच गेली.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मुलगा आणि मी दोघांनी मिळून सर्व तपासण्या केल्या. जसे दिसले तसे लिहिते.

सुरईच्या कापाच्या कडेवर तीन पदर स्पष्ट दिसतात. पांढऱ्या पदराची जाडी अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढी असून लाल त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि गळ्याजवळ दोन्ही जाड होत जातात. लाल रंग निमुळत्या टोकाला गुलाबी दिसतो, नारिंगी नाही. बुचावर आणि ओठावर ४७ हा आकडा आहे.

बुचाशिवाय सुरईचे कोरडे वजन १२३६ ग्रॅम आणि पाण्यातले ७३८ ग्रॅम भरले. म्हणजे ४९८ने भागल्यावर २.४८ येते. धड असलेल्या पेल्याचे वजन २१४ आणि पाण्यातले १२७ ग्रॅम, म्हणजे २.४६.

खिडक्यांच्या कडा बोटाला टोचत नाहीत. जुनेकाचघर यांनी मेण वितळल्यासारखी चमक म्हटले आहे, ती वाचून झाल्यावर पाहिली म्हणून मनाचा खेळ असेल असे वाटले, म्हणून घरातील एका जुन्या हाताने कापलेल्या तबकडीशेजारी ठेवून पाहिले. फरक मुलालाही लगेच कळला.

पेल्यांचा लाल रंग खरोखरच शाईसारखा आहे. कोरलेल्या हरणाच्या शिंगांच्या कडेला काहीच जाडी दिसत नाही, आणि पायाच्या खालच्या कड्यावर घासलेल्या जागी स्वच्छ काच उघडी पडली आहे. तिथले ओरखडे वेडेवाकडे, सर्व दिशांना गेलेले आहेत.

तळावर वाफ सोडली तेव्हा पहिल्यांदा काहीच दिसले नाही. तिसऱ्या वेळी मुलाने दिव्याचा उजेड बाजूने धरला आणि एक बारीक वर्तुळ उमटले. त्यात कडेने रोमन लिपीतील ‘चेकोस्लोव्हाकिया’ ही अक्षरे होती. श्वास विरला तशी ती विरली. आम्ही पुन्हा पुन्हा वाफ सोडून ती वाचत बसलो.

त्यानंतर आजीच्या लग्नातील आहेराची वही काढली. काकांकडे ती जपून ठेवलेली आहे. त्यात ‘काचेची सुरई लाल, बुचासह, नग १’ अशी नोंद सापडली. पेल्यांची नोंद कुठेही नाही.

जुनेकाचघर (मुंबई)

ताई, शिक्का आणि वही यांनी सुरईचा प्रश्न बराचसा मिटवला. चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र २८ ऑक्टोबर १९१८ रोजी अस्तित्वात आले आणि १९९२च्या अखेरीस त्याचे दोन देश झाले. नुसत्या शिक्क्यावरून एवढाच मोठा पट्टा मिळाला असता. आपल्याकडे वही असल्यामुळे तो १९१८ ते १९३६ इतका आखूड होतो. आम्लाची चकाकी आणि पोटॅश-चुन्याच्या काचेची घनता यांच्याशी ते पूर्णपणे जुळते. गुलाबी झाक सोन्याच्या लालकडे बोट दाखवते आणि ४७ या आकड्याने बुच मूळचे असल्याची खात्री पटते. म्हणजे १८५० सांगणारा व्यापारी जसा चुकला तसाच पन्नास वर्षे सांगणाराही चुकला, आणि आजींचे म्हणणे खरे निघाले.

सुरई सांभाळण्यासारखी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्या भागात कापणारे आणि रंगवणारे हात अजून जुन्या तालमीतले होते. १९४५नंतर तेथील जर्मनभाषक कारागिरांना देश सोडावा लागला आणि कारखाने सरकारच्या ताब्यात गेले. म्हणून १९३६ची नोंद असलेली सुरई मला नुसत्या नक्षीपेक्षा अधिक मोलाची वाटते. जुन्या सूची चाळाल तेव्हा ध्यानात ठेवा की १९४५पूर्वीच्या कागदपत्रांत नोवी बोरला बहुधा हायडा आणि कामेनित्स्की शेनोवला श्टाइनशोनाउ म्हटलेले असते.

पेले त्या संचातील नाहीत. रीत वेगळी, काम वेगळे, वहीत नोंद नाही आणि झीज सुरईपेक्षा कितीतरी अधिक. तांब्याचा लाल डाग आणि त्यातून कोरलेले हरीण हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोहेमियातील आरोग्यस्नानांच्या गावांत येणाऱ्या प्रवाशांसाठी मोठ्या प्रमाणावर होत असे. अशी कामे पुढेही चालू राहिली असल्यामुळे मी त्यांना एक साल देणार नाही, पण ते सुरईहून जुने असण्याची शक्यता मला अधिक वाटते. हरणाच्या अंगावरची कोरणी भिंगाखाली पाहा. लहान तांब्याच्या चाकावर हाताने कोरलेल्या चित्रात मानेचा फुगवटा खोल, पायांच्या रेषा उथळ आणि झाडाची पाने प्रत्येकी निराळी असतात. दोन पेल्यांवरील हरणे एकमेकांशेजारी ठेवून शिंगांची टोके मोजा.

कृष्णाकाठ (सांगली)

मोजली. एकाच्या शिंगांना आठ टोके आहेत आणि दुसऱ्याच्या सात. टवका उडालेल्या पेल्यावरील हरणाने मान जरा अधिक वळवलेली आहे, आणि त्याच्या झाडाला एक फांदी जास्त आहे.

परदेशस्थ (बर्मिंगहॅम)

मग ती हाताने कोरलेली आहेत. टवका घासून काढण्याचा सल्ला कोणी दिला तरी कृपया ऐकू नका. काठ घासला की डागाचा रंग त्या जागी कायमचा जाईल आणि पेल्याची उंचीही बदलेल. वाडा उतरवण्यापूर्वी तिन्ही वस्तूंचे तळ, सुरईच्या कापाची कड आणि वहीतील नोंदीचे पान यांची छायाचित्रे काढून एकत्र ठेवा. शिक्क्याचे छायाचित्र काढताना एकाने वाफ सोडावी, दुसऱ्याने दिवा बाजूने धरावा आणि तिसऱ्याने कॅमेरा आधीच रोखून ठेवावा, कारण हाताशी तीनच सेकंद असतात.